हिडी

गणपतीपासून खिडकीतनं हात घालून
आतनं दार उघडतोय.
बायको चढते माझ्या बाजूनं, गिअरवरनं पाय टाकत,
आणि खानापूर येईपर्यंत बोलत नाही.

आज वडगावच्या बोळात
दाराचं पॅड उचकटलं. दोन क्लिपा मोडल्या.
आत गंज, आधीच्या मालकाची शेंगांची टरफलं.
दहाचा पाना. हात कोपरापर्यंत आत,
दिसत काहीच नाही.
बाहेरनं इराण्णा, माग बंद ठेवून आलेला:
‘हिडी, हिडी!’
म्हणजे धर. मूठही त्यांच्यात हिडीच.
धरली.

सळई खट्कन बसली.
एक स्क्रू उरला. कुठला, ते दोघांनाही कळेना.

बायकोनं दार ओढलं. उघडलं.
आत बसली नाही.
लावलं. परत उघडलं.
परत.