पहिली पाळी

आमच्याकडे कोंबडा नाही.
गल्लीनं तेवढी एकच अट घातली, मी मान्य केली.
त्यामुळे सगळं उलटं झालंय :
सव्वाचारला मी उठते
आणि कोंबड्यांना उठवते.
माझी दुसरी पाळी असली तरी.
त्यांना ड्युटी-चार्ट वाचता येत नाही.

बल्ब लावायचा. पत्र्याच्या दारावर दोन टिचक्या.
आधी कुणी हूं की चूं करत नाही,
मग भेकराई घशातल्या घशात काहीतरी पुटपुटते,
बहुधा माझ्याचबद्दल.

नावं बसथांब्यांची आहेत.
भेकराई, पुष्पमंगल, अप्पर, हिराबाग,
ओळखू न येणाऱ्या दोघी दांडेकर पूल,
अलीकडचा आणि पलीकडचा,
आणि सातवी कुठेच टिकत नाही म्हणून
विनाथांबा.

आधी पाणी.
कालचं जास्वंदीला, भांडं राखेनं घासायचं,
शेवाळाचा बुळबुळीतपणा बोटाला लागता कामा नये.
औंधच्या दवाखान्यात मानमोडीची लस देताना,
एकेकीच्या डोळ्यात एकेक थेंब,
डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
तुम्ही स्वतः प्याल असंच पाणी ठेवा.
तेव्हापासून भांड्यात वाकून बघते.
माझा चेहरा नीट दिसला, तर ठेवते.

मग मक्याचा भरडा.
सुरुवातीला वाटीनं मोजायची,
आता मुठीला कळतं.
शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत,
कारण पहिल्या महिन्यात अंडी हातातच फुटायची,
सायीसारखी कवचं.

पाचला मी कात्रज डेपोत,
खाकी बाहीवर कोंड्याचा एखादा कण.
पुढचं प्रणित बघतो, शाळेआधी.
नववीत आहे. सगळं नीट करतो,
फक्त कडी लावताना लक्ष फोनमध्ये असतं.
हे मी आत्ता लिहितेय.
तेव्हा बोलले नाही.

भिंतीपलीकडे खासनीस काका.
अंड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात.
पहिल्याच आठवड्यात वासाबद्दल लेखी पत्र आलं,
तीन मुद्दे, खाली सही आणि तारीख.
मी दर तिसऱ्या दिवशी भुसा बदलायला लागले,
कोपऱ्यात चुना टाकला.
दुसरं पत्र आलं नाही.
आला तो भिंतीवरून आवाज, एका संध्याकाळी :
"सात. आल्या सगळ्या आत."
मी विचारलं नव्हतं.
माझी दुसरी पाळी असते त्या आठवड्यात
आता फोनवर नुसता आकडा येतो.
सात.
सात.
सात.

एका मंगळवारी सहा.

तळजाईवरून मुंगूस उतरलं असणार.
कडी लावलेली होती. बहुतेक लावलेली होती.
दाराखाली चार बोटं फट,
ती कुणाच्याच नजरेत आली नव्हती.
पिसं थोडीच सापडली.
हिराबाग तशीही आरडाओरडा करणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी टिळक रोडला बस थांबली.
कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही.
मी तरी ओरडले,
हिराबाग, हिराबाग!
मोकाशी ड्रायव्हरनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मग मी डबल दिली.

आता फटीला जाळी आहे.
प्रणितनं ठोकली, अंगठा काळानिळा करून.
रात्री निजण्याआधी तो बाहेर जाऊन
दार ओढून बघतो. परत एकदा ओढून बघतो.
मी झोपलेय असं त्याला वाटतं.
काका आकडा सांगण्याआधी
किंचित थांबतात अजून.

सव्वाचार.
बल्ब, टिचक्या, भांड्यात चेहरा.
मुठीत भरडा मात्र सातजणींचाच येतो.
मुठीला कोण सांगणार.
जास्तीचा विनाथांबा खाते,
उभ्याउभ्या,
दाराकडे पाठ करून.