शून्य दशांश चार

नोव्हेंबरात सेंट जॉन्सच्या बंदरावरचं धुकं
टेकडी चढून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या काचेला टेकतं,
तेव्हा मी कोष्टक उघडते.
नियोजन आणि संसाधन-वाटप. दारावर एवढंच.
आई शेजारणींना सांगते, पोर विद्यापीठात हिशेब बघते.
बाबा कॉड धरायचे. मग एका उन्हाळ्यात
वरून कागद आला आणि समुद्र बंद झाला.
'कोटा' हा शब्द आमच्याकडे जेवताना कुणी काढत नाही.
मी कोटे ठरवते, हे मी घरी नीटसं सांगितलेलं नाही.

ओळ दोनशे चौदा.
दगडफुलांचा संग्रह, तळघर, खोली बी-अकरा.
मनुष्यबळ: शून्य दशांश चार.

त्या दशांश चाराचं नाव लिअँडर कूम्ब्स.
वय चौसष्ट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी,
पगार सोमवार-मंगळवारचा.
लॅब्राडॉरच्या खडकांवरून अलगद सोडवून आणलेली दगडफुलं
तो कागदी पाकिटांत घालतो,
वर शिसपेन्सिलीने जागा, उतार, वाऱ्याची दिशा.
बत्तीस हजार पाकिटं.
एकदा चौरस मीटर मोजायला मी खाली गेले
तर माझी टेप बाजूला ठेवून त्याने हातात भिंग दिलं.
ही पिवळी नक्षी बघ, म्हणाला,
वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकते.
सवयीने मी मनातल्या मनात गुणलं:
आमची पंचवार्षिक योजना,
प्रस्तावना आणि परिशिष्टांसकट,
अडीच मिलिमीटर.

यंदा दारांना डोळे बसवले.
कुठल्या खोलीत कुणीतरी किती वेळ, आकडे आपोआप येतात.
बी-अकराचे आले:
सोमवार मंगळवार बुधवार गुरुवार शुक्रवार.
एका शनिवारी रात्री पावणेदहापर्यंत.

आता बघा.
आहे ते लिहावं, तर बिअट्रिस नॉफ्टल
नियमाला धरून बिनपगारी काम थांबवणार
(नियम चांगला आहे, मी स्वतः हात वर केला होता त्याला)
आणि त्याच्या चावीतले तीन दिवस काढून घेणार.
न लिहावं, तर खोली आठवड्यातले तीन दिवस रिकामी,
आणि रिकाम्या खोलीला आमच्याकडे वाली नसतो.
इकडे आड, तिकडे विहीर.
फरक इतकाच की दोन्हींचं क्षेत्रफळ मला तोंडपाठ आहे.

समितीत वाहनतळावर सत्तेचाळीस मिनिटं गेली.
बी-अकरावर चार.
डीन हिस्कॉक यांनी चष्मा पुसत विचारलं,
यातून निष्पन्न काय होतं?
कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, आलेख होता.
निर्णय पुढच्या गुरुवारवर.

संध्याकाळी लिअँडरला फोन केला.
बुधवारी तू काय करतोस तिथे?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, बुधवारी?
बुधवारी मी सोमवारचं तपासतो.

कोष्टकात एक रकाना आहे, 'अभ्यागत',
वर्षानुवर्षं कुणी न भरलेला.
त्यात मी लिहिलं: एक. आठवड्यातून तीन दिवस.
येतो तर खरं. बघतोही.
हे खोटं नाही, आणि अख्खं खरंही नाही.
आमच्या धंद्यात याला पूर्णांकन म्हणतात.

खोली राहिली. बिअट्रिसने सही करताना
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं
आणि पान उलटलं.

पण तळाची बेरीज तीच यायला हवी,
तिथे पूर्णांकन चालत नाही.
कपात सरकून ओळ दोनशे पंधरावर बसली.
तिथे शून्य दशांश सहा आहे,
दुसरी इमारत, पोटमाळा.
जिन्याला किती पायऱ्या, मला ठाऊक आहे.
वर कोण बसतं
ते मी अजून जाऊन पाहिलेलं नाही.