मांड्याइतकं पातळ

बाहेर जळगाव पंचेचाळीसवर,
आमची पेटी सदतीसवर.
पेटीत, गुलाबी पाण्यात,
कोकिळामावशीचं कातडं आहे
पोस्टाच्या तिकिटाएवढं.

मी आधी केळीचं काम करायचो.
रावेरच्या बागांसाठी बाटल्यांतली रोपं,
एका कोंबाची हजार,
सगळी सारखी, सगळी मुकाट.
केळीला कुणी विचारत नाही
हे पान तुझंच का म्हणून.

मग हे मशीन आलं.
एक सुई, सुईमागे नळी, नळीत जेली,
जेलीत मावशीच्या पेशी:
मांडीवरून घेतलेल्या
मसुराएवढ्या तुकड्यातून वाढवलेल्या.
सुई जाते, येते.
निळा उजेड पडतो, थर धरतो.
पुन्हा जाते.

मावशी अमळनेरच्या.
आखाजीला, लग्नाला, मुंजीला
चाळीस वर्षं मांडे करणाऱ्या.
दोन्ही मुठींवर, मग कोपरापर्यंत झेलत झेलत
गोळा असा वाढवायचा
की पलीकडे बसलेल्या माणसाचं नाक ओळखू यावं,
आणि तो न फाटता
उलट्या खापरावर निजवायचा.
मुडीच्या एका हळदीच्या रात्री
खापर तडकलं.
डावा हात मनगटापासून वर
विस्तवात गेला.
कातडं आलं परत, पण आखडून आलं.
आता मांडा एका बाजूला लोंबतो
आणि सून जाड करते.

अर्जावर मी तीनदा समजावलं,
हे तुमच्या हातावर बसणार नाही,
अजून नाही, कदाचित तुमच्यानंतरच्या कुणाच्या.
त्यांनी चष्मा पुसला, सही केली,
पूर्ण नाव लिहिलं,
कोकिळाबाई लोटन महाजन,
नवऱ्याच्या नावातला ट जरा मोठा.

गुरुवारी एसटीनं आल्या, बघायला.
काचेपलीकडे उभ्या राहिल्या, पदर तोंडाला.
तिसऱ्या थराला म्हणाल्या,
"जाड पडी ऱ्हायना, भाऊ."
मी हसलो.
तडवी मॅडम हसल्या नाहीत.
मोजलं तर
वीस मायक्रॉन जाड.

"पीठले निजू देतस का तुम्ही?"
आम्ही देत नव्हतो.
फ्रीजमधून काढायचो आणि लगेच लावायचो,
घाई असायची, वीज जायची असायची.
दुसऱ्या दिवशी जेली वीस मिनिटं
नुसती राहू दिली टेबलावर.
धार सरळ आली.
वहीत कारणाचा रकाना असतो.
तापमान स्थिर होण्यासाठी, असं मी लिहिलं.
खरं कारण रकान्यात मावलं असतं,
मीच लिहिलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं,
"याले चटका समजस का?"
नाही मावशी, नसा नाहीत त्यात.
रक्तही नाही. नुसतं जिवंत आहे.
"मंग हाऊ हात कसाना?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
मी त्यांना स्टँडपर्यंत सोडलं,
रसवंतीच्या सावलीत
त्या डाव्या हातानं ग्लास धरू पाहत होत्या
आणि उजवा लगेच खाली येत होता,
लहान मुलाच्या पाठीशी असावा तसा.

एकविसाव्या दिवशी कडा राखाडी झाल्या.
मधे अन्न पोचत नाही, वाटाच नसतात आत.
नियम असा की
वाफेत घालायचं, पिवळ्या पिशवीत बांधायचं.
चिमट्यानं उचललं तेव्हा
खाली वही उघडी होती
आणि त्यातून आरपार
माझंच अक्षर वाचता येत होतं:
तापमान स्थिर होण्यासाठी.

खोडलं.
वर लिहिलं, को. लो. महाजन यांच्या सांगण्यावरून.
मॅडमनी शेजारी सही केली,
काही बोलल्या नाहीत.

आज नवी नळी भरायची आहे.
वाटांचा नकाशा या वेळी आधी छापणार,
केसापेक्षा बारीक,
बुजतील बहुतेक, पण छापणार.
जेली टेबलावर निजलीय.
पंखा लावू नका.