पेव उघडण्याआधी

ठराव क्रमांक चौदा माझ्याच अक्षरात आहे:
संघातून बाहेर पडावे.
सूचक शिवलिंग मगदूम, अनुमोदक भूपाल चौगुले.
राहायचं त्यानं हळकुंड टाकायचं, निघायचं त्यानं सुपारी,
आणि शाळेत, फळ्याच्या मागं,
तुपाचा एक रिकामा डबा.
रात्री साडेदहाला तो सतरंजीवर उपडा केला.
सुपाऱ्या दोनशे एकतीस. हळकुंडं दोनशे बावीस.
एक लवंग.
ती बाद धरली.

हलगी वाजली त्या रात्री हरिपुरात.
अर्ध्या हळकुंडानं पिवळी होतात म्हणे माणसं,
आम्ही नऊ सुपाऱ्यांनी लाल झालो.

सकाळी प्रश्न आला: पेवाचं काय?
पेव आमच्या जमिनीत, आतली हळद अकरा गावांची,
एका शिक्क्याची, एका तोलाईची,
कुणाच्या नाक्यावर कुणाला पट्टी नाही.
कुठलं कांड कुठल्या गावचं, हे
मैनुद्दीन मुजावरांना विचारलं,
चाळीस वर्षं काटा धरलेला माणूस.
ते म्हणाले, वजन सांगतो. गाव कसं सांगू?

चेअरमन बाबगोंडा तीनदा सांगलीला गेले,
तीनदा मसुदा घेऊन आले.
निघणाऱ्यांना त्यात पुरतं निघाल्यासारखं वाटेना,
राहणाऱ्यांना फारच निघाल्यासारखं.
मंडळात सात विरुद्ध सात.
पंधराव्या, आक्काताई कुंभोजे,
लेकीच्या बाळंतपणाला इचलकरंजीला गेल्या
त्या बारसं झालं, जावळ झालं, तरी आल्या नाहीत.
सभांचं पेव फुटलं.
पेव बंदच.

तिसऱ्या हंगामात कुणीतरी हळूच म्हणालं,
डबा परत ठेवूया का?
मगदूम ताडकन उठले:
साखरपुडा झाल्यावर परत पोरगी बघायला येत्यात व्हय?
मागनं एक बाई म्हणाली,
लग्न लागेपर्यंत येत्यात की.
हसणं मी इतिवृत्तात घेतलं नाही.
'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं.

एक यादी केलीय, कुणी मागितली नव्हती.
त्या रात्री रांगेत असलेले चोवीस जण आता नाहीत.
अठरा पुरी झालेली एकेचाळीस पोरं आहेत,
त्यांतली निम्मी पुण्यात, पण फोन करतात,
विचारतात, आपण आत आहोत का बाहेर?
चोवीसांत माझे वडील.
काय टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही.
घरी आले तेव्हा बोटं पिवळी होती,
पण त्यांची बोटं कायमच पिवळी असायची.

डबा माझ्याच कपाटात आहे, लाखेचं सील लावून.
कान लावला की आत काहीतरी कुरतडतंय.
सुपारीला लागलंय का हळकुंडाला
ते सील फोडल्याशिवाय कळायचं नाही,
आणि सील फोडायला ठराव लागतो.

आजची सभा कोरमअभावी तहकूब.
नियमानं अर्ध्या तासानं तीच सभा, त्याच जागी,
आणि तिला कोरम लागत नाही.
म्हणजे सात वाजता
इथं जे कोण असतील तेच गाव.
विषय एकच: डबा परत ठेवायचा का, हे ठरवायचं का.

बाहेर यल्लाप्पा पेवाच्या तोंडाशी बसलाय.
मालाची पाहणी करायची म्हणून त्याला सांगितलंय,
दोन्ही बाजूंनी, वेगवेगळं.
फरशी त्यानं परवाच काढली.
पण फरशी काढली म्हणून लगेच उतरायचं नसतं,
हळदीनं आतला सगळा वारा पिऊन टाकलेला असतो.
कंदील दोरीनं आत सोडायचा.
विझला की वर ओढायचा, काचेवरची काजळी पुसायची,
बिडी लांब जाऊन ओढायची, थांबायचं.
परवा तीन हातांवर विझला.
काल पाच.

सातला चार मिनिटं कमी.
मगदूम आले, चपला काढतायत.
ती बाईही आली.
मी पेनाचं टोपण काढून बसलेय,
आणि खिडकीतून यल्लाप्पाचं मोजणं ऐकू येतंय,
दोरी सोडत, सावकाश,
चार,
पाच,
सहा