मालनमावशीचा गुरुवार

स्वान्सीहून पार्सल आलं. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
बाबांसाठी लोकरी मोजे आणि चार व्हिडिओ कॅसेटी.
प्रत्येकीवर मावशीचं गोल अक्षर:
गुरुवार, सात ते अकरा.
गुरुवार, अकरा ते तीन.
चिठ्ठीत लिहिलेलं,
दिवसभर काय करतीस म्हणून विचारतीस ना अक्का, तर हे घे.
रात्रपाळीवरनं आले की घरात हेच चालू असतं.

अमावस्येला वडगावात माग बंद.
भावकाण्णा केबलवाल्याकडनं व्हीसीआर आणला,
चोवीस तासांचे साठ रुपये,
आणि गल्लीभर झालं,
पाटणेकरांकडं विलायत लागलंय.

सोफ्यावर बसून दोघंजण हसत हसत बातम्या सांगूलालते.
पडद्याच्या कोपऱ्यात सात वाजून बारा,
आमच्या भिंतीवर पावणेदहा.
मग एका बाईनं अंड्यांच्या पुठ्ठ्याची मगर केली.
एका म्हाताऱ्यानं माळ्यावरची किटली आणली,
तिची किंमत ऐकली आणि खाली बसला.
हिरव्या टेबलाभोवती दोन माणसं
तासभर न बोलता गोट्या ढकलत राहिली
आणि आमची सोळा माणसं
न बोलता ते बघत राहिली,
धोटे थांबल्यावर वडगावात एवढं गप्प
फक्त त्या दिवशी झालं असेल.

मेंढ्या शिट्टीवर वळवणारा कुत्रा लागला तेव्हा
सिद्धाप्पा धनगराला मुद्दाम बोलावून आणलं.
उंबऱ्यात काठी टेकून त्यानं बघितलं.
कुत्रं शाणं हाय, म्हणाला,
पण मेंढरं लई गप्प.

दुपारी मधेच भाषा बदलली.
इंग्रजी कळतं म्हणून मी पुढं बसलेलो,
मीही उघडा पडलो.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खुलासा होता:
ही वेल्श. इथं पाट्या दोन भाषांत असतात.
बाबा खुर्चीत पुढं सरकले.
डांबराचा डबा घेऊन फिरल्याबद्दल
एक रात्र खडेबाजार चौकीत काढलेला माणूस.
"वर कुठली असती?"
कुणालाच माहीत नव्हतं.
दारातली शिवलिंगव्वा पदराआड हसली,
"इरली बिडरी," म्हणाली,
आणि चहा आणायला गेली.

आई मात्र वेगळंच बघत होती.
घोड्यांच्या शर्यतीत घोडे सोडून कठड्यामागची गर्दी,
बातम्यांत मंत्री सोडून त्याच्या पाठीमागचा बसस्टॉप.
छत्री घेतलेली कुठलीही ठेंगणी बाई दिसली
की म्हणायची, थांबव.
चित्र थरथरत थांबायचं.
नव्हे. चालू दे.

अकराला एक फट आली.
खरं तर दोन कॅसेटींच्या मधली,
एकीचं शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं,
दुसरीचं पहिलं अर्ध्यातनं सुरू.
तशीच तीनला. तशीच सातला.
रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली बाई
गजर लावून तीनदा उठली होती,
थंड फरशीवर पाय टेकून.
हे मला फार उशिरा कळलं.
आईला त्याच दिवशी कळलं असावं,
कारण कॅसेट बदलताना दर वेळी
ती मला घाई करू देत नव्हती.

तिसरी कॅसेट पुढं दादाच्या लग्नात वापरली.
नव्या कॅसेटीला पैसे कशाला.
अक्षता होतात, पंगती उठतात,
मामा कॅमेऱ्यासमोर हात हलवतो,
पडद्यावर मुंग्या येतात,
आणि करड्या सुटातला तो हवामानवाला
अजून उभा आहे नकाशापुढं,
ढगाचं चित्र हातानं चिकटवूलालाय.
उद्याचं सांगतो.
त्याच्या कोपराखाली नेमकं मावशीचं गाव.

आई अजून म्हणती,
जरा बाजूला सरक म्हणावं की त्याला.