तळ लागला नाही

खालच्या गावात या हिमनदीला वेगळं नाव नाही,
नुसतं मोंगू म्हणतात, म्हणजे बर्फ.
कादिरचा घोडा दगडांची रास संपेपर्यंत येतो
आणि थांबतो. पुढे बॅटऱ्या आपल्याच पाठीवर.

दोन स्लेज, मधे नारिंगी दोर,
दोराच्या पोटात अँटेनाची तार.
पुढे तिलेक, मागे मी,
आमच्यात वीस पावलं आणि वारा,
त्यामुळे दिवसभर बोलणं नाही.

पावलागणिक यंत्र खाली एक हाक टाकतं.
हाक बर्फातून जाते, कातळावर आपटते, परतते;
पापणी लवेपर्यंत तिच्या लाखभर फेऱ्या होतील.
मी फक्त तिला झालेला उशीर मोजते.
जाडी म्हणजे उशीर.
एवढंच माझं शास्त्र.

वडिलांकडे हाक नव्हती, गिरमिट होतं,
हातानं फिरवायचं, सरकारी,
आणि जोडायला दीड-दीड मीटरच्या नळ्या.
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चाळीस दिवस
तिघं त्याच्याभोवती फिरले, खळ्यावरच्या घोड्यांसारखे.
एकसष्टाव्या मीटरला पातं मोडलं.
वहीत निळ्या शाईत नोंद आहे:
खोली एकसष्ट. तळ लागला नाही.
खाली दोन रेघा.

रेघा मारायची त्यांना सवय नव्हती.
स्वतःच्या लग्नाचा दिवससुद्धा त्यांनी
एका ओळीत उरकलाय:
ढगाळ. वारा नाही. खाली गेलो. परवा परत.

आज त्यांच्या जागेवर पोचलो.
जागा म्हणजे कड्यावरची तांबडी फुली
आणि पलीकडचा सुळका, यांच्या रेषा छेदतात तिथे.
तिलेक थांबला. मी थांबले.
पडद्यावर कातळाची रेघ, स्वच्छ,
शून्य पूर्णांक एकोणसत्तर मायक्रोसेकंद.
हिशेब मला पाठ आहे,
तरी बोटानं हातमोज्यावर मांडला.
अठ्ठावन्न.

म्हणजे त्यांच्या नळ्या आज इथे उतरवल्या असत्या
तर पातं मोडायच्या तीन मीटर आधीच
दगडावर खडखडल्या असत्या.

तिलेकनं लांबून हात उंचावून विचारलं, लागला?
मी मान हलवली.
वाऱ्यात ती होकारासारखी दिसली की कशी, कोण जाणे.

संध्याकाळी पाटाच्या तोंडाशी ओमुरकुल बसलेला.
गावाच्या पाण्याच्या पाळ्या तोच लावतो,
भांडणंही तोच मिटवतो.
"किती उरलंय, बुरुलचा?"
"अठ्ठावन्न."
"वर्षं?"
"मीटर."
तो काही बोलला नाही. चहा ओतला, घोटभरच.
आमच्याकडे पाहुण्याची वाटी काठोकाठ भरत नाहीत;
भरली, तर अर्थ होतो, ऊठ आता.
तो घोटभर ओतत राहिला, मी पीत राहिले,
अंधार पडेपर्यंत.

वहीत अजून लिहिलेलं नाही.
पेन गारठलंय,
असं मी तिलेकला सांगितलं.