आराला तोंड

जुन्या लूमचा पत्रा वाकवून नळकांडं केलं.
खाली बारा भोकं, वर चोवीस,
धूरच पेटला पाहिजे असा हिशेब.

विडी घरकुलात राजव्वा कोडमकडे चूल मांडली.
तुराट्या, बाभळीची एक ढलपी.
भिंत पांढरीच राहिली.
मी घड्याळ बघत होतो, ती माझ्याकडे.
"चांगलं हाय की.
पण भाकर शेकू कुठं?"

तवा बसत होता, धुराडं ओढत होतं,
आराला तोंडच नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या शेडात, रात्रपाळी सुटल्यावर,
समोरच्या पत्र्यावर खडूनं
तिच्या पंजाएवढी खिडकी आखली.
उष्णता जाणार थोडी.
वहीत लिहिलं : वाया.
खोडलं.
लिहिलं : भाकरीला.